माझ्या नावावरचा हौद

चैत्र वद्य सप्तमी

ही वही बोरीच्या बाजारातून आणली. वडलांच्या ओसरीवर पंतोजी पोरं शिकवायचे, मी सारवता सारवता ऐकून शिकले. जोडाक्षर आलं की अडते. अडू दे. घरात बोलले की भांडण होतं, कागद उलटून बोलत न्हाई.

संक्रांतीच्या करीला माझ्या मालकाच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय गेला, जीभ जड झाली. तवापासून बाजेवर. मालकानं, व्यंकटरावानं, हाळी दिली तर शिवारातल्या शेवटच्या बैलानं मान वर करावी, असा माणूस. आता पाणी मागायला ताटली वाजवतो. परवा गाडीत गवत टाकून सेलूला नेलं, हकीमाकडं. हकीमानं पाय दाबून बघितला, म्हणले, "रोज गळ्याइतक्या पाण्यात खडा करो, चलाव. पाण्यात आदमी हलका होता. लेकिन पानी साफ होना बाई, पाठीला जखम हाय त्याच्या."

विहिरीत उतरवता येत न्हाई. नदीच्या डोहात म्हशी लोळतात. राहिला बागेतला हौद.

ही बाग मालकानं मागच्या साली घेतली, हैदराबादच्या एका साहेबाकडून. साहेब उन्हाळ्यात येऊन हौदात पोहायचे, नोकर काठावर कपडे धरून उभा. बाग माझ्या नावावर केली. का म्हणून विचारलं तर म्हणले, "तुला समदं साफ लागतं." हे काय उत्तर झालं? घेतल्यावर रोज सांजेला जाऊन हौदाच्या पायरीवर बसायचे, भाकरीचे तुकडे टाकत. मी एकदा बी गेले न्हाई. कामं सोडून पाणी बघत कोण बसतं?

आज गेले. हौद हिरवागार. वाकून बघितलं तर स्वतःचं तोंड दिसंना.

लिंबाजी मागं मागं आला. हा धाकटा दीर. म्हणला, "वैनी, बुजवून टाकू. मिरच्या लावू. तेवढी सही द्या."

"लागतोय मला हौद. भाऊ उभा राहायचाय तुमचा त्यात."

"दादा उभा राहतोय व्हय आता. मृगाला चाड्यावर मूठ मलाच धरावी लागंल, बघा."

आमच्यात पेरणीची पहिली मूठ घरच्या कर्त्यानं तिफणीच्या चाड्यात सोडायची. ज्याची मूठ त्याचं घर. आमाला मूलबाळ न्हाई. मूठ गेली की मालक त्यांच्याच घरात पाहुणे, अन मी पाहुण्याची बायको.

मी म्हणले, "मृगाला येळ हाय अजून." पण येळ लय न्हाई.


चैत्र वद्य दशमी

हौदाच्या तळाला मोरी हाय, तिला लाकडाचा दट्ट्या. तो निघंना. येडबा धनगर आणि त्याची बायको बानूबाई कामाला लावलेत, मेंढरं लेकाच्या मागं सोडून येतात. येडबा दट्ट्या बघत बिडी पेटवून बसला. म्हणला, "बाई, लाकूड फुगलंय. उन्हानं वाळंल, मग निघंल."

"पाण्याच्या तळाला ऊन कुठून जाईल रे?"

"ते बी खरं हाय."

शेवटी मीच वरून पहार ठोकायला लावली. निघाला. हिरवं पाणी धाड धाड खालच्या वाफ्यातल्या मिरच्यात गेलं. लिंबाजी खूश, फुकट पाणी मिळालं.

पाणी उतरलं तसे तळात मासे उड्या मारायला लागले. टोपलंभर असतील. मालकाची बाज लिंबाच्या सावलीत आणून ठेवली होती. त्यांनी चांगला हात वर केला. म्हणले, "राहू दे."

"काय राहू दे? त्यातच खातात, त्यातच हगतात. साफ म्हणजे साफ."

येडबा म्हणला, "दोन-चार ठिवा की बाई. शोभा येती."

"शोभेला तुझं तोंड हाय."

बानूबाईनं टोपलं भरून घेतलं. आमी माळकरी, आमच्यात चालत न्हाई. जाता जाता म्हणती, "आक्का, रोज एक हौद साफ करा. माझ्या घरी कालवणाचा परशन मिटंल."

मालकाला कूस बदलता येत न्हाई. डोळे मिटून घेतले. रात्री भाकर अर्धी टाकली. काय झालंय ते सांगत न्हाईत.


चैत्री अवस

गाळ काढला. गुडघाभर होता. शेवाळ शिंदीच्या फड्यानं घासलं, मग विटकरीच्या भुग्यानं, मग माझ्या नखानं. पायऱ्या दगडाच्या हायेत हे आज समजलं, मला वाटलं मातीच्या. हात सोलून निघालेत. हौद असा दिसायलाय की त्यात जेवावं.

आजच भरायचा होता. पण अवस. बैल जुंपत न्हाईत. बैलाला सुट्टी, बाईला न्हाई. दिवसभर कोरड्या हौदाच्या काठावर हिंडले. लिंबाचा पाला गळायलाय, एक एक पान उचललं. मालक बाजेवरून बघत होते. म्हणले, "बस की जरा." बसून काय होतं?


अखितीचा दिवस, वैशाख शुद्ध तृतीया

मोट चालवून हौद भरला. बैल दमले, मोटकरी दमला, विहीर खाली गेली. येडबा म्हणला, कळीचा चुना टाका, शेवाळ धरत न्हाई, त्याच्या आज्यानं किल्ल्यावर बघितलंय. मी टाकला. हात राखून टाकायची माझी सवय न्हाई.

मालकाला वरच्या पायरीवर बसवून पाठीपर्यंत पाण्यात उतरवलं, मी गुडघाभर पाण्यात. ते काहीच बोलले न्हाईत. नुसतं डोळ्याला पाणी. मी म्हणले गार लागत असंल. वर काढून पुसलं तर जखमेच्या भोवती सगळी कातडी लाल, माझ्या टाचा बी फाटून रगत आलं. माणूस वरडला असता तर कळलं असतं. वरडत का न्हाईत म्हणून मीच वरडले त्यांच्यावर.

येडबाला विचारलं, किती टाकायचा होता? म्हणला, "आज्यानं तेवढं सांगितलं न्हवतं."

समदं पाणी सोडून दिलं. परत मोट.

लिंबाजी येऊन उभा राहिला. "वैनी, मिरच्या वाळायल्या अन तुमी दगडाला पाणी पाजायलेत."

"दगडाला न्हाई, तुमच्या भावाला."

बोलला न्हाई मग. त्याचे बी डोळे बाजेकडं गेले. पण गेला तो सुताराकडंच, तिफण नीट करायला सांगून आला.


वैशाख शुद्ध दशमी

आता जमलं. निवळीच्या बिया सहाणेवर उगाळून टाकल्या, मग फडक्यात तुरटी बांधून फिरवली. पाण्याचा तळ दिसतो. पडलेली सुई उचलावी.

मालकाच्या काखेत वाळलेले भोपळे बांधले, कमरेला कासरा. कासरा येडबाकडं. पण पाण्यात धरायला कुणीतरी पायजे. येडबाला पाण्याचं भ्या वाटतं, हे आज सांगितलं त्यानं. लिंबाजी घरी नव्हता. मग मीच. नेसत्या लुगड्यानिशी. गुडघ्याच्या वर पाण्यात मी जन्मात गेले न्हाई. पायरी संपली तिथं थांबले, मग पाय सोडला. मालकाला छातीशी धरलं. ते हलके लागले, पोरासारखे.

बानूबाई काठावरून म्हणती, "आक्का, लग्नात तरी एवढं जवळ उभ्या राहिल्या होत्या का?"

"तू मेंढरं मोज जा."

मालक हसले न्हाईत. पण उभे राहिले. हकीम खरं बोलला, पाण्यात पाय टेकतो. डावा बी टेकतो, पण त्यांना समजत न्हाई टेकला ते. मी सांगते, टेकला. तवा पुढचा उचलतात.


वैशाख पौर्णिमा

या काठापासून त्या काठापर्यंत चालले. मी उलटी चालत पुढं, ते चांगल्या हातानं माझा खांदा धरून. मधी माझा पाय निसटला, गटांगळी खाल्ली. त्यांनी एका हातानं मला धरलं. कोण कुणाला धरायलंय तेच कळंना.

पाठीची जखम भरायलीय. जेवण मात्र न्हाई. भाकरीचा तुकडा हातात धरून पाण्याकडं बघत बसतात, मग ठेवून देतात.

लिंबाच्या झाडाशी माझं वाकडं आलंय. सकाळी पानं काढली की दुपारी परत. तोडते म्हणले तर मालकानं डोळे वटारले.


वैशाख वद्य चतुर्थी

नवीन किडा आलाय पाण्यात. दोऱ्याएवढे बारीक जीव, शेपटीनं पाण्याला लटकलेले. हात लावला की वळवळत खाली जातात, जरा वेळानं परत वर. जुन्या लुगड्याच्या पदरानं गाळून काढले. दुसऱ्या दिवशी तेवढेच.

पाणी आरशासारखं हाय. घाण न्हाई, शेवाळ न्हाई, माशाची विष्ठा न्हाई. मग येतात कुठून? येडबा म्हणतो आभाळातून.

डास लय झालेत. सातासमुद्रापलीकडच्या लढाईमुळं घासलेट मिळंना म्हणून दिवा लवकर मालवावा लागतो, अन अंधारात ते आणखी चावतात. मालकाची बाज बागेतच असते, हौदाजवळ, नेआण नको म्हणून. लिंबाचा धूर करते. धुरानं मालक खोकतात, डास खोकत न्हाईत.


धोंडा महिना, पहिला दिवस

यंदा ज्येष्ठ अधिक आलाय. धोंड्याचा महिना, बायांना पहाटेची आंघोळ नदीला, न्हाईतर तळ्या-हौदाला. नदी आटली, डोहात म्हशी. तर समद्या बाया उजाडायच्या आत माझ्या हौदावर. पुढं पारुआत्या, शेजारच्या पार्वतीबाई, साऱ्या गावाच्या आत्या. हळद, तेल, पिठाचे दिवे घेऊन.

मी फाटकात उभी राहिले. "न्हाई जमायचं."

पारुआत्या म्हणती, "धुरपता, साहेब असताना बी आमी धोंड्याला यायचो. पाण्याला कुणी न्हाई म्हणत असतंय का?"

"साहेबाच्या पाठीला जखम नव्हती. तेल-हळद टाकून जाल, मग मी काय करू?"

"पाप लागंल."

"लागू दे. मला जावई न्हाई, धोंड्याचं पुण्य घेऊन कुणाच्या ताटात वाढू?"

बाया परत गेल्या. कुणी भांडलं न्हाई. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मालक ऐकत होते. दिवसभर माझ्याशी बोलले न्हाईत. तसे बी कुठं बोलतात.


धोंडा, शुद्ध सप्तमी

परवा मालकाला हिव भरलं. दुपारी दात वाजायला लागले, तीन वाकळा घातल्या तरी बाज हलती. मग अंग तव्यासारखं. मग घाम. काल बरे होते, आज परत तसंच.

पाण्याचा गारठा बसला असंल. आता उतरवत न्हाई. लिंबाजीला जिंतूरच्या दवाखान्यात पाठवलं. रिकाम्या हातानं आला. हिवावरचं औषध, कोयनेल, संपलंय, लढाईमुळं येईना. गुळवेलीचा काढा देतेय.


धोंडा, शुद्ध एकादशी

परत हिव. पाय काडी झालेत. पाण्यात कमावलं ते बाजेवर जायलंय. मी रिकाम्या हौदाभोवती हिंडते. रिकामा म्हणजे भरलेला हाय, माणूस न्हाई त्यात. किडे मात्र हायेत, पदर भरून काढते. काय करू, हात बसत न्हाईत.

अंगणात लिंबाजी तिफणीला दोर बांधत होता. मी बघितलं तर म्हणला, "वैनी, मला काय हौस हाय का? रान तसंच पडू द्यायचं का?" खरं हाय त्याचं. म्हणून लय राग आला.


धोंडा, शुद्ध त्रयोदशी

पारुआत्या येऊन गेल्या. मालकाच्या कपाळाला हात लावला. म्हणल्या, "बायांचा तळतळाट हाय हा. नहाण मोडलंस तू, धोंड्याचं."

मी म्हणले, "हिव गारठ्यानं भरतं."

"अन गारठा कुणाच्या हौदात शिरला? माझ्या?"

मी काढ्याचं भांडं घासायला घेतलं.

सांजेला घरोघर गेले. म्हणले, या. पण एक गोष्ट हाय, विहीर खाली गेलीय, हौद उतरलाय. डोहातून एक एक घागर आणायची, फडक्यानं गाळून हौदात वतायची, मग उतरायचं. तेल अन हळद काठावर, पाण्यात न्हाई.

बानूबाई म्हणती, "आक्का, तुमी देवाला बी आत घ्यायच्या आधी पाय धुवायला लावाल."

"लावीन. देवाचे पाय कुठं कुठं जातात?"


धोंडा, वद्य तृतीया

रोज पहाटे बायांची रांग. गाळून वता, गाळून वता म्हणून माझा घसा बसलाय. पाठ फिरवली की बानूबाई फडकं न लावताच घागर पालथी करती. आज पकडली. पाण्यात बारीक मासोळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, चिक्कार.

"हे काय गं?"

"आक्का, दिवाळीपतोर मोठे होतील. मागचे लय गोड होते."

मी पदर घेऊन उतरले काढायला. एक हाताला लागली तर शप्पत. मी इकडं, त्या तिकडं. लुगडं भिजून जड झालं, मी पायरीवर आपटले. बाया हसायल्या. अन मग मागून खर्र खर्र असा आवाज आला. मला वाटलं मालकाला परत हिव भरलं. बघितलं तर हसत होते. संक्रांतीपासून पहिल्यांदा. तोंड एकाच बाजूनं हसतं, पण हसतं.

भाकर पुरी खाल्ली आज. म्हणजे अर्धी खाल्ली, अर्धी पाण्यात टाकली. मी बघितलं न्हाई असं केलं.

मासोळ्या नंतर काढीन. आता बायांसमोर नको.


धोंडा, वद्य दशमी

हिव येऊन गेलं एकदा, पण हलकं. त्याच्यानंतर न्हाई. पारुआत्यांचं खरं निघालं, बायांचा राग उतरला. तळतळाट म्हणजे काही खोटं न्हाई. मी मानत नव्हते. आता फाटकाला कडी बी लावत न्हाई.

ते वळवळणारे किडे बी गेले. एवढ्या बायांनी पाणी घुसळल्यावर राहतील कशाला? रात्री आता धूर करावा लागत न्हाई, झोप लागती. मासोळ्या फुगायल्यात, काय खातात कोण जाणे. मी तर काही टाकत न्हाई. मालक टाकतात ते चिमूटभर.

मालकाला परत पाण्यात घेतलं. पहिल्यापासून सुरू. मला आता पाण्यात भ्या वाटत न्हाई. आज पाय टेकला नव्हता तरी बुडले न्हाई, कसं ते समजलं न्हाई.


धोंड्याची अवस

घरोघर जावयाला धोंडे वाढायलेत, पुरण भरलेले. मला कोण हाय? तरी सवयीनं केले. मालकानं एक खाल्ला. एक चांगल्या हातानं कुस्करून हौदात टाकला, म्हणले, "जावई." मासोळ्या तुटून पडल्या. मी म्हणले, जावयाला एवढी भूक असती तर लेक दिली नसती. परत तो खर्र खर्र आवाज.

पाण्याबाहेर काठी टेकून उभे राहतात आता. लिंबाच्या झाडापर्यंत गेले आज. पाऊस होऊन गेलाय, लिंबाजी रोज रानात जाऊन माती मुठीत दाबून बघतो. पेरायजोगा वाफसा आला की थांबणार न्हाई तो.


ज्येष्ठ शुद्ध पंचमी

वाफसा आला. पहाटे बैल धुतले, तिफणीला हळदकुंकू लावलं. मालक म्हणले, येतो. मी म्हणले, गाडी जुंपू. म्हणले, न्हाई.

बागेच्या फाटकापासून रानाच्या बांधापर्यंत ते आपल्या पायानं गेले. काठी, अन एका बाजूला मी. मी धरलं नव्हतं, नुसती बाजूला. वाटेत पारुआत्या थांबल्या, येडबानं बिडी लपवली. लय वेळ लागला. माझा जीव वर-खाली, ढकलावंसं वाटत होतं. ढकललं न्हाई.

बांध उतरून नांगरटीत पाय टाकला अन डावा रुतला. पाण्यातली वाट सरळ असती, मातीची न्हाई. काढायला गेले तर काठी रुतली. उभे राहिले तिथंच. हलता येईना. समदे बघायले. मी मनात म्हणले, टेकलाय, उचला. पण उचलंना.

लिंबाजी आला. बियासाठी हात पुढं केला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, हे लिहायला पायजे. खाली बघत होता.

मालकानं धोतराच्या ओटीतून बियाची मूठ भरली. लिंबाजीकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून ती माझ्या हातात वतली.

मी म्हणले, "येडं लागलंय का तुमाला? मला काय येतंय ह्यातलं? वळ वाकडी जाईल."

जीभ जड, एक एक शब्द ओढून आणला. "हौद... तरी कुठं... येत होता."

मला वाटलं लिंबाजी तिफण सोडून जाईल. त्यानं तिफणीच्या रुमण्याला हात घातला, बैलाकडं तोंड केलं. म्हणला, "चला वैनी. बैल थांबत न्हाईत."

चाड्यावर मूठ धरून पहिली वळ मी पेरली. मूठ सैल करायची असती, मी आवळून धरते, तेवढ्यात बैल पुढं. लिंबाजी मागं वळून म्हणला, "सोडा की बोटं, बी हाय ते, सोनं न्हाई." वळ वाकडी गेली ती गेलीच. उगवल्यावर समद्या गावाला दिसंल.

सांजेला बागेत आलो. मालक पायरीवर बसले, दोन्ही पाय पाण्यात. मासोळ्या गोळा झाल्या. मी झाडू घेऊन पानं काढत होते. ते म्हणले, "टोचायल्यात."

"कुठं?"

"पायाला."

"हाकलू का?" मी काठी उचलली.

"डावा हाय," म्हणले.

मी पाण्यात बघितलं. डाव्याच पायाभोवती होत्या, बोटांपाशी. काठी खाली ठेवली.

मी म्हणले, राहू दे.